रिकामं पातेलं

प्रिय कुया अर्नेल,

तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र लुसेनाच्या बस कंडक्टरकडे देतेय. मावशीच्या घरी पोचवेल. ओठाचे टाके निघाले का? तुझं पार्लर मी रोज उघडते, आरसे पुसते. माझा कुया, माझा थोरला भाऊ पळाला, असं कुणी म्हणायला नको.

त्या दिवशीचं डोक्यातून जात नाही. आपण वस्तीच्या कचेरीत गेलो, पण वस्तीचे प्रमुख, आपले कप्तान, पडले तुला मारणाऱ्या त्या दोघा भावांचे धर्मपिता. म्हणाले, "एकाच गल्लीतली पोरं तुम्ही. हात मिळवा, बाळा. आणि जरा पुरुषासारखा चाल, म्हणजे कुणी हात उचलणार नाही." तू मान खाली घालून समेटावर सही केलीस. त्या भावांच्या आईने पातेलंभर शेवया आणल्या. तू एका गालाने चावत होतास आणि वाढत मी होते.

"दारूच्या भरात गैरसमज" ही नोंदही माझ्याच अक्षरातली. घरातली पहिली पदवीधर, कचेरीतली कारकून! "बायल्या, तुला पुरुष बनवतो" असं ओरडत त्यांनी लाथा मारल्या, हे तू तीनदा सांगितलंस. मी एकदाही लिहिलं नाही.

नंतर कायद्याचं पुस्तक उघडलं. धाकाने केलेली सही दहा दिवसांत शपथेवर मागे घेता येते. मग पोलिसांत तक्रार. शहरात तुझ्यासारख्यांसाठी लढणारी संघटना आहे, तिथे गेले. वकीलबाई सालोमे म्हणाल्या, "रडून झालं? आता साक्षीदार कोण ते सांग." मी म्हटलं, "मी."

नानाय आधी म्हणत होती, "झाकली मूठ राहू दे गं." काल तिने ते पातेलं घासून त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. रिकामं. आपल्या आईने जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. शेजारीण ओरडली, "अगं, आत काही घालायला विसरलीस!" "विसरले नाही," नानाय म्हणाली.

शुक्रवारी दहावा दिवस. शपथ तुलाच घ्यावी लागेल, तीही त्याच कप्तानांसमोर, म्हणून लिहितेय. माझी साक्ष लिहून झाली. खोटी नोंद मी केली, हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. सालोमेबाई आणि तुझ्या पार्लरच्या चौघी मैत्रिणी सोबत येतील. गुरुवारच्या पहिल्या बसने ये. थांब्यापासून कचेरीपर्यंत आपण पायीच जाऊ, भर बाजारातून. तू नेहमी चालतोस तसाच चाल.

तुझ्या शेजारी चालणारी, तुझीच
मायलीन