दोन्ही घरे एकाच दिवशी विकली गेल्याबाबत

दिनांक : १४ मे २०२५

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी तथा विवाह निबंधक,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे टेंभुरखेड,
ता. मालेगाव, जि. वाशीम.

विषय : नवविवाहित दांपत्यास राहण्याचा पत्ता नसल्याने विवाह नोंदणी अडल्याबाबत व समक्ष पाहणी करून रहिवासी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील संगणक चालक श्री. राजू यांचे तोंडी उत्तर, "काकू, आधी घर आना, मंग लग्नाचा कागद नेजा."

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की,

१. मी या गावची रहिवासी असून (ही बाब सध्या वादग्रस्त आहे, खुलासा पुढे येईल) पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून गतवर्षी सेवानिवृत्त झाले. माझे यजमान कै. मारोतराव यांना जाऊन बराच काळ लोटला. मुलगी वैभवी नाशिकला नांदते. श्री. देवमन इंगोले हे बसथांब्यासमोरचे मोटार वाइंडिंगवाले, तेही विधुर. माझ्या विहिरीवरची मोटार वरचेवर जळू लागल्याने ते वरचेवर येऊ लागले. पुढे मोटार जळायची थांबली, त्यांचे येणे थांबले नाही. मी त्यांना साऱ्या गावाप्रमाणे 'देवमनभाऊ' म्हणत असे. संक्रांतीपासून त्यातील 'भाऊ' हा शब्द वगळण्यात आला.

२. लग्न ठरले, परंतु राहायचे कोणाच्या घरी यावर एकमत होईना. मी एकोणिसाव्या वर्षी डोईवर पदर घेऊन एकदा नांदायला आलेली बाई आहे. पुन्हा दुसऱ्याच्या उंबरठ्यावरचे माप ओलांडायची माझी तयारी नव्हती. श्री. देवमन यांचे म्हणणे असे पडले की, "मी तुमच्या घरी राह्यलो त गाव मले घरजावई म्हनन. या वयात घरजावई, अन् कौतुक कराले सासू बी नाई!" सबब उभयतांत अट ठरली : दोन्ही घरे विक्रीस काढावीत. ज्याचे घर आधी विकले जाईल त्याने मुकाट्याने सही करून दुसऱ्याकडे राहायला जावे. वैभवीला फोनवर कळवले असता ती म्हणाली, "आई, तू लग्न करून राह्यली का शर्यत लावून राह्यली?"

३. अटीत लबाडी नको म्हणून मी घर मनापासून विक्रीयोग्य केले. माळ्यावरून यजमानांची सायकल, गव्हाच्या कोठ्या, दिवाळी अंकांची पोती आणि वैभवीचा पाळणा खाली उतरवला. सायकल दिली, कोठ्या दिल्या, काही वाटले नाही. पाळणा माझ्या ओळखीच्या चंदाबाईंच्या सुनेला दिला. तो ऑटोत चढत असताना मी आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली. त्यानंतर भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, फरशी घासली, परसातली सीताफळाची झाडे छाटली. मग दारात उभी राहून पाहिले तर घर असे काही उजळले होते की ते विकावेसे मुळीच वाटेना. तिकडे श्री. देवमन यांनीही आपल्या घराला आकाशी रंग दिला होता. संध्याकाळी ते माझ्याकडे येत तेव्हा त्यांच्या कानाला रंग लागलेला असे. मी तो दाखवून देत नसे. छान दिसे.

४. अटीत एक पळवाट होती, ती मी नोकरीच्या अनुभवाने तात्काळ हेरली. आपल्या घराची निंदा करणे गैर, परंतु दुसऱ्याच्या घराची स्तुती करण्यास मनाई नव्हती. मालेगावचे कापडव्यापारी श्री. जिनेश माझे घर पाहण्यास आले असता मी त्यांना चहा पाजून म्हटले, "भाऊ, घर पाहाचं त बसथांब्यावरचं पाहा. दारात टेम्पो फिरते, पाणी गोड हाय, अन् भिंतीत एक वायर उघडी दिसली त माहं नाव बदला." ते चहा अर्धा टाकून तिकडे गेले. मी त्या दिवशी स्वतःशी गाणे म्हटले.

महोदय, हीच पळवाट श्री. देवमन यांनाही सापडली असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. शाळेतील शिक्षिका ललिताबाई त्यांचे घर पाहण्यास गेल्या, त्या थेट माझ्याकडे पाठवण्यात आल्या. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "देवमनभाऊ म्हनत होते, बाईच्या चुलीपाशी सकाळचं ऊन असं येते का साखर न टाकता बी चहा गोड लागते." चाळीस वर्षे त्या उन्हात मी पोळ्या लाटल्या. ते ऊन कोणी पाहिले आहे, हे मला प्रथमच कळले. ललिताबाई किंमत विचारत होत्या आणि मला काही केल्या आकडा आठवेना.

५. गेल्या महिन्यातील एका गुरुवारी ललिताबाई इसार घेऊन आल्या. शब्द दिला होता, मी सही केली. मग देवघरासमोर बसून रडले आणि मनाची समजूत घातली की आकाशी रंग तसा काही वाईट नसतो. संध्याकाळी श्री. देवमन वाशीमहून आले. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा मात्र दहावा उरकून आल्यासारखा.

"बाई," ते म्हणाले, "जिनेशभाऊनं आजच वकिलापाशी इसार देल्ला. माहं घर गेलं वं."

मी म्हटले, "माहं बी गेलं."

"कवा?"

"सकाळी."

ते ओट्यावर बसले. पुडा उघडून एक पेढा स्वतः खाल्ला, एक मला दिला. मग म्हणाले, "काहून एवढी तारीफ केली माह्या घराची?" मी म्हटले, "अन् तुमी काहून केली?" यावर आम्हा दोघांना जे हसू लोटले ते आवरेना. शेजारीपाजारी धावत आले. कोणी पाणी आणले. कोणी कांदा हुंगवला. हसता हसता माझ्या लक्षात आले की आता मला कोणाकडे नांदायला जायचे नाही आणि त्यांनाही कोणाचे घरजावई व्हायचे नाही. हे बोलून दाखवताच आम्ही पुन्हा पहिल्यापासून हसलो.

६. यथावकाश किन्हीराजा येथील मंदिरात आमचा विवाह संपन्न झाला. दोन्ही घरांचा ताबा देऊन आम्ही बेबीताईंच्या पिठाच्या चक्कीवरील दोन खोल्या ठरवल्या. येथून खरी तक्रार सुरू होते. बेबीताई यांनी लग्नात स्वहस्ते अक्षता वाटल्या व जिलेबी दोनदा मागून घेतली. तरीही लग्नाचा दाखला पाहिल्याविना श्री. देवमन यांना जिना चढू देण्यास किंवा दोघांच्या नावे भाडेकरार करण्यास त्या नकार देत आहेत. विनंती केली असता त्या म्हणाल्या, "अक्षता म्याच टाकल्या, खरं हाय. पन उद्या कोनं इचारलं त अक्षता दाखवू का? मले कागद पायजे." आणि आपले कार्यालय म्हणते, भाडेकरार आणा, मग दाखला. आधारवरील जुने पत्ते चालतील असे राजू यांनी सुचवले होते, परंतु जेथे आम्ही राहत नाही तेथे राहतो असे लिहून देणे आम्हास मान्य नाही.

परिणामी लग्न झालेले असूनही मी वर राहते व माझे पती त्यांचा मुलगा चि. ऋषिकेश याच्या दुकानात खाटेवर निजतात. सकाळी ते जिन्याखाली येऊन उभे राहतात. मी चहाची किटली दोरीला बांधून खाली सोडते. चक्कीवर दळणाला आलेल्या बायका डबे खाली ठेवून हे पाहतात, आणि दळण झाले तरी जात नाहीत.

७. तरी विनंती की, आपण स्वतः येऊन पाहणी करावी, चक्कीवर कोणालाही विचारावे आणि आम्हा दोघांना एका पत्त्याचा रहिवासी दाखला द्यावा. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात कोणाचे नाव घालायचे यावर आमची पुन्हा अट लागण्याचा संभव आहे. सबब तो रकाना आपणच भरावा.

कळावे, लोभ नव्हे, दाखला असावा.

आपली विश्वासू,
(सही)
विजयमाला
(आडनावाबाबत विचारविनिमय चालू आहे)

मजकूर वाचला, मान्य. (सही) देवमन इंगोले

सोबत : लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो (बेबीताई जिलेबीसह स्पष्ट दिसतात).

कार्यालयीन शेरा : आज सकाळी समक्ष पाहणी केली. बेबीताईंचा जबाब घेतला. अर्जदार एका पत्त्यावर राहत नसल्याचे, परंतु राहण्यास अतिशय उत्सुक असल्याचे आढळले. रहिवासी दाखला व विवाह प्रमाणपत्र दोन्ही आजच, दुपारच्या आत द्यावेत. राजू यांनी स्वतः नेऊन जिन्यावर द्यावेत.