सैल कपडे घालून यावे

सोमवार, ४ मार्च
माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, ही गोष्ट आज घरात जाहीर झाली. ती मी जाहीर केली नाही. दुकानाच्या फळीवरून कापडाचा गठ्ठा काढताना तो माझ्या डोक्यावर आला आणि नेमके तेव्हाच सौ. चहा घेऊन उभी होती.

सर्वानुमते ठरले ते असे. अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून बरे करण्याचा उपचार घ्यावा. हात उठला, तर कटिंगचे टेबल व मोठी कात्री पूर्ववत माझी. नाही उठला, तर दोन्ही सुनेची. सून म्हणाली, बाबा, मला काही घाई नाही. घाई नसलेल्या माणसापासूनच सावध राहावे. शुक्रवारी बँकेच्या साहेबांचा लांब कोट कापावयाचा आहे. तो मीच कापीन. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.

मंगळवार, ५ मार्च
दवाखान्यातील मुलीने फोनवर सूचना दिल्या. उपाशी येऊ नये. जीभ घासू नये, कारण डॉक्टरीणबाई जीभ तपासतात. सैल कपडे घालून यावे.

ती मला आजोबा म्हणाली, ते मी माफ केले. ‘सैल’ हा शब्द माफ करता येत नाही. उभ्या आयुष्यात माझ्या हातून सैल कपडा बाहेर पडलेला नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु त्या काळच्या चौथीत माणसाला माप कळत असे.

सौ. म्हणाली, अहो, जुना सदरा घाला की, तिथे काय तुमचं लग्न आहे? हे उद्गार शिंप्याच्या बायकोचे!

निर्णय: अपॉइंटमेंटसाठी खास शर्ट शिवणे. अंगाबरोबर बसणारा, मात्र उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत बटणांनी उघडेल अशी. डॉक्टरीणबाईंनी हा नमुना इतर रोग्यांसाठी मागितल्यास विचार करीन.

बुधवार, ६ मार्च, सकाळ
सुयांची मला भीती नाही. ज्याने जन्मभर सुईवर पोट भरले, त्याने सुईला काय भ्यावे? तरीही पूर्वतयारी असावी, म्हणून सराव केला. दुकानातील उत्तम सुई निवडून डाव्या दंडावर टेकवली. सुई आत गेली नाही. दुसरी घेतली. तीही गेली नाही. हल्ली सुया बोथट येतात. सून म्हणाली, बाबा, दाबल्याशिवाय कशी जाईल? तिला या विषयातले कळत नाही.

बुधवार, दुपार
शर्ट अप्रतिम झाला आहे. फक्त उजव्या मुंढ्याची, म्हणजे बाही खांद्याला जोडण्याची शिलाई राहिली. त्या कोनात हात वळत नाही. सून म्हणाली, द्या इकडे, दोन मिनिटांचं काम. मी दिला नाही. टाचण्या लावून ठेवल्या आहेत. सकाळी पक्के टाके घालून टाचण्या काढीन.

मोठी कात्री धार लावण्यास टाकली. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात जाताना सुनेने ती वाटेत घ्यावी, असे बजावले. परत आल्याबरोबर कोटाला हात घालता यावा.

गुरुवार, ७ मार्च, सकाळी
जीभ घासली. अस्वच्छ जीभ परक्या बाईंना दाखवणे माझ्या शिस्तीत बसत नाही. शर्टाची बटणे सौ.ने लावली, सौ. तशी रिकामीच होती. आरशात पाहिले. खांदा असा बसला आहे की पाहत राहावे. काहीतरी करावयाचे राहिले आहे असे वाटते. महत्त्वाचे नसावे.

गुरुवार, संध्याकाळ
दवाखान्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाच्या. जीभ पाहून म्हणाल्या, घासलीत ना? मी विषय बदलला. त्यांनी टेबलावर आडवे होण्यास सांगितले व खांद्यावर नुसता हात ठेवला. त्याबरोबर अशी कळ आली की माझ्या तोंडून आवाज निघाला. तो बाहेर बसलेल्या लोकांनीही ऐकला म्हणतात. मी त्यांना स्पष्ट सांगितले की, बाई, तुमच्या सुया जाड आहेत, टोकाला फिनिशिंग नाही, या धंद्यात माझे केस पांढरे झाले आहेत.

त्या म्हणाल्या, आजोबा, मी अजून सुयांचं पाकीटच फोडलेलं नाही.

टाचण्या माझ्या होत्या.

पुढे बटणे उघडेनात, कारण काजे मी घट्ट घेतली होती. कपड्याची शान काजातच असते. शर्ट डोक्यावरून निघेना, कारण हात उठेना. हललो की टोचे. बाईंनी पट्टी कापण्याची चिमुकली कात्री आणली. माझे कापड तिला दाद देईना. सुनेने पिशवीतून मोठी कात्री काढली. म्हणाली, बाबा, श्वास रोखा. मनगटापासून खांद्यापर्यंत एका दमात गेली. मध्ये उचलली नाही. कातडीला गार पाते लागले, ओरखडा नाही.

मी कापलेली कड तपासत असताना बाईंनी उपचार उरकला. सुया कधी टोचल्या व कधी काढल्या, मला समजले नाही. म्हणाल्या, अजून बऱ्याच वेळा यावं लागेल. हात आज खांद्याच्या वर गेला नाही. हवा दमट होती.

घरी आल्यावर सौ.ने विचारले, मग, शर्टाचा नमुना मागितला का त्यांनी? मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी खिडकीपाशी नेऊन ती कड पुन्हा पाहिली. एक दोरा वाकडा नाही. चष्मा बदलून पाहिली.

बँकेच्या साहेबांचा कोट सुनेने कापला. कात्री तिच्याकडेच राहिली. धार नवी आहे, दोन हात लागलेले चांगले नसतात. मी टेबलापाशीच होतो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जरा टाचण्यांची डबी धरता?

हे काम जबाबदारीचे असून कोणाच्याही हाती देण्यासारखे नाही. डाव्या हाताने धरली.