निंबाखालचे बूट

प्रिय प्राजक्ता,

"ताई, हे मशीन माणूस वळखत नाई." बारा वर्षांपूर्वी कुलदीप मला असं म्हणाला होता. आठवतं तुला? नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या अंगणात त्याने पोतं अंथरून त्यावर झाडं कापायचं ते नवं चेन-कटर ठेवलं होतं. तू नवी नवरी, दारातून बघत होतीस. मी हौसेने मूठ धरायला गेले तर त्याने माझा हात बाजूला सारला. आई म्हणाली, "एवढा भेतं, त घेतलं कायले?" तर म्हणे, "भेतो म्हणूनच मले जमन." आपण तिघी किती हसलो होतो.

त्याची तयारी तुला माझ्याहून जास्त माहीत. जाळीचं हेल्मेट, हातमोजे, जाड पँट, कमरेला दोर आणि नागपुराहून आणलेले ते बूट. त्यात आत जाड थर होता, चालती साखळी लागली तरी पायापर्यंत पोचू नये म्हणून. त्याचा दोर धरणारा जानराव त्याला चिडवायचा, "नवरदेवा, निंबावर चढून राहिला का वरातीत चाल्ला?" कुलदीप चिडत नसे. एका हाताने मशीन चालवायचं नाही, खांद्याच्या वर न्यायचं नाही, पात्याच्या टोकाने कापायचं नाही, हे तो आपल्याला जेवतानासुद्धा सांगायचा. तू वैतागून एकदा भाकरी परतता परतता म्हणाली होतीस, "मी कोनतं झाड कापाले चालली?"

प्राजक्ता, सहा वर्षं झाली, पण अमरावतीत कुठेही झाडं छाटायला लागले की माझं काम थांबतं. आवाजाचं मला काही वाटत नाही. आवाज बंद झाला की मी हातातलं ठेवून उभी राहते आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत हलत नाही. त्या सकाळी आमच्या निंबावरचं मशीन बंद पडलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. झालं वाटतं, असं मनात म्हणून मी चहा ठेवला. साखर घातली. आलं किसून घेतलं. मग जानरावची हाक आली. तो चहा किती वेळ उकळत राहिला कोण जाणे. संध्याकाळी कोणीतरी पातेलं घासलं असेल.

गेल्या पंधरवड्यात त्याच निंबाची फांदी पुन्हा तारांवर आली. ह्यांनी मला न विचारता जानरावला बोलावलं. तो आता स्वतः चढतो. आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. झाडाखाली शेंदूर लावलेली मरीमाय आहे, तू पाहिली आहेस. त्यांनी लगेच हाक दिली, "बापू, मायचं झाड हाय, पायातले काढ." मी दारात होते. जानरावने बूट काढले नाहीत. मांडी घालून बसला, पिशवीतून नारळ काढला, फोडला, आणि मोठ्याने म्हणाला, "माय, बूट घालून चढून राहिलो. राग धरू नको. माहे पाय माह्या लेकरायच्या कामाचे हायेत." सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला.

उतरल्यावर पाणी द्यायला गेले तर तो पेल्यात पाहत बोलला. "वर्षालीताई, हे मी कुलदीपभाऊ गेल्यापासून करतो. त्या दिवशी मी पेट्रोल आनाले गेलो तवा त्याच्या पायात बूट व्हते. आलो त वर उघड्या पायानं. म्या वरडलो, बूट काहून काढले? तो हासला, म्हने असू दे. मंग बूट त्याच्या टेम्पोत भेटले. म्या कोनाले बोललो नाई. कोनंतरी काढाले लावले असन." हे सगळं बोलताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी लावले होते, प्राजक्ता.

सासूबाई त्या दिवशी अचलपूरला गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावरही ढकलता येत नाही. माझंच मन घाबरलं. म्हटलं, कुलदीप, मरीमाय आहे रे, बुटाने नको चढू. तो म्हणाला, "ताई, हे चामड्याचं नाई, कामाचं हाय." मी म्हटलं, माझ्या घरात काही वाईट झालं तर? एवढंच. त्यानंतर त्याने वाद घातला नाही. खाली बसून नाड्या सोडल्या, मोजे बुटांत खोचले आणि मायच्या दगडाशेजारी जोडीने ठेवले. सगळ्या जगाला नियम सांगणारा माझा भाऊ माझ्या एका शब्दावर अनवाणी चढला. कापलेली फांदी दोरावर वळली, त्याला धक्का बसला, आणि अजून फिरत असलेली साखळी डाव्या घोट्यावर आली. जिथे बूट असायला हवा होता, नेमकी तिथे.

पुढचं याहून वाईट आहे. सगळे त्याला गाडीत घालून निघाले, कुलूप लावायला मी मागे राहिले. बूट दगडाशेजारी तसेच होते. मी ते उचलले आणि त्याच्या टेम्पोत सीटखाली ठेवले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज येतं. कोणी पाहू नये म्हणून. त्याचं रक्त थांबलंच नाही. दवाखान्याच्या आवारात तू मला धरून विचारलंस, "ताई, माह्या फोनानं घाई केली का वो त्यायनं? अकोल्याले साक्षगंधाले जायचं म्हनून म्या लवकर या म्हटलं व्हतं." तेव्हा तुला स्पष्ट सांगायला हवं होतं. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तुला वाटलं मी तुला क्षमा करते आहे.

मग वर्षश्राद्धाच्या दिवशी भरल्या घरात आई तुला म्हणाली, "तुह्या फोनानं गेला माहा पोरगा." मी पंगतीत वाढत होते. वरणाची बादली माझ्या हातात होती. मी पुढच्या पानावर वरण वाढलं. तू त्याच संध्याकाळी अकोल्याला भावाकडे निघालीस, आणि या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणालीस. मी तुला बसस्टँडवर सोडायला आले होते, खिडकीतून पाण्याची बाटली दिली होती. तेव्हाही बोलले नाही.

तू अजून सकाळी साडेसहाला कोणालाच फोन करत नाहीस, असं तुझी वहिनी मागे सहज बोलून गेली. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. त्या दिवशी साडेसहाचा तुझा फोन त्याला झाडावर चढण्याआधीच आला होता. तो माझ्यासमोर हसत म्हणाला होता, "तुही भावजय साडी नेसून बसली असन आतापासून." त्याला घाई नव्हती. हे तुला कळायलाच हवं होतं, सहा वर्षं मी ते दाबून ठेवलं.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. येत्या रविवारी मी नांदगावला जाऊन आईला सगळं सांगणार आहे. जानराव, दोन्ही काका, शेजारच्या तानुबाई, त्या दिवशी पंगतीत होते त्या सगळ्यांना बोलावलं आहे. ज्यांच्यासमोर तुला बोल लागला त्यांच्यासमोरच तो काढायला हवा, आणि तो निघताना तू तिथे असायला हवीस. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलीस तर मी स्टेशनवर असेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या शेजारी बसू नकोस, पण ये. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे, आणि तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरी विचारते, येशील?

तुझीच,
वर्षाली