आकडा मोठा कर

१३ सप्टेंबर
स्क्रीन पेटली. दुकानातल्या टेबलावर, मोबाइलच्या चार्जरवर. २९ दाखवून राह्यली, म्हणजे दुकानातली गरमी. सेन्सर मुठीत धरला तं ३४ वर चढली. या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या फुटक्या काचा बदलण्याशिवाय पयल्यांदा काही केलं.

बापूच्या गाडीसाठी हाय हे. उन्हाळ्यात आदिलाबादच्या रस्त्यावर इंजिन उकळलं, हेड गॅसकेट गेलं, तवा बापू म्हणे, "गरमीचा काटा मेला होता, मले काय समजते?" मंग म्हटलं, काट्याची कटकटच काढून टाकू. इंजिनची गरमी, डिझेल, बॅटरी, सारं एका स्क्रीनवर, आकड्यात.

एक गोष्ट लिहून ठेवते. जुना काटा काढून, त्याचा सेन्सर गरम पाण्यात बुडवून पायला. काटा मस्त वर गेला. मेला नव्हता. वायर ढिली असन, दुसरं काय.

१८ सप्टेंबर
गाडीत बसवली. सेन्सरचे आटे इंजिनात बसत नव्हते, आदिलाबादच्या मिस्त्रीनं पितळेचा जोड घासून देला. "सरिपोतुंदी अम्मा," म्हणे, बरोबर बसते. बसलं.

स्टार्टर मारला का स्क्रीन विझते. स्टार्टर सारी बॅटरी एकटाच ओढते, स्क्रीनच्या बोर्डाले काही उरत नाही. मोठा कपॅसिटर लावला, तेवढ्यापुरता तग धरायले. आता ठीक.

फ्रेमवर एक बारका डोळा बसवला, उजेड ओळखायचा. ऊन असलं का स्क्रीन तेज, अंधार पडला का मंद. हे मले कोणी सांगतलं नव्हतं, माह्याच डोक्यातलं. बापूनं त्याचं कौतुक काही केलं नाही. म्हणे, "आकडा मोठा कर."

२१ सप्टेंबर
आकडा दोन बोटं उंच होता, तीन केला. "अजून." चार केला. डिझेल अन् बॅटरी कोपऱ्यात ढकलली. म्हटलं बापू, आता काय बसस्टँडच्या पाटीएवढा करू? हसले. "काट्याची सवय हाय वंदे, आकड्याची लागायची हाय."

८२-८४ राह्यलं का इंजिन खुश, ९५ च्या वर गेलं का गाडी बाजूले घ्या, असं बापूकडून तीनदा घोकून घेतलं.

आई सोबत गेली. मागं नाही, समोर. दोन वर्षांपासून हे नवीनच खूळ हाय तिचं, गाडी निघाली का ही बसलीच. साऱ्या जल्मात आमच्या बेला गावाच्या बाहेर जायचा कंटाळा, अन् आता फिराचा शौक. वरून रस्ताभर तोंड बंद नाही.

२७ सप्टेंबर
शेजारच्या शोभाकाकू आल्या होत्या. त्यायच्या सुनेले, सुनीताले, दिवाळीनंतरची तारीख देली डॉक्टरनं. "आमी तं बापूच्याच गाडीनं आदिलाबादच्या दवाखान्यात जाऊ." अँब्युलन्स बोलावली का येते, पण आमच्या गल्लीले बापूची सवय. अर्ध्या गल्लीचे लेकरं बापूच्या भरवशावर झाले. माह्या वेळेस माही आईबी याच रस्त्यानं गेली. बापूची एकच फुशारकी: एकबी लेकरू गाडीत झालं नाही.

मी त्या गाडीच्या स्टिअरिंगवर अजून एकदाबी बसली नाही. लायसन तं बासरले कॉलेजात शिकत होती तवाच काढलं. बापू म्हणते, "तू दुरुस्त कर, चालवाचं मी पायतो."

२ ऑक्टोबर, दसरा
गाडी धुतली, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं. आईच्या हाती हळद-कुंकवाचं ताट देलं तं तिनं कायलेच सोडलं नाही. बोनेट, स्टिअरिंग, माही स्क्रीन, फ्रेम. नारळाचं पाणी बोर्डावर जाईन म्हून मी आडवी झाली. "तुह्याच विद्येची पूजा करून राह्यली अन् तूच भांडतं," आई म्हणे. काचेवरचं कुंकू पुसलं, फ्रेमवरचं राहू देलं. सणाच्या दिवशी कोण वाद घालते.

बापूले सांगतलं, रोज आदिलाबादहून परत आले का किती आकडा होता ते सांगा. त्यावरून अलार्म लावते.

६ ऑक्टोबर
८२. ८४. ८२. ८३. चार दिवसांचे. इमानदार इंजिन. वहीत मांडून ठेवलं.

७ ऑक्टोबर
दुपारी स्क्रीनचा स्क्रू कसायले गाडीत बसली. चाबी फिरवली तं स्क्रीन काळी. वाटलं बोर्ड जळला. हाताचा आडोसा करून, नाक लावून पायलं तवा कुठं आतमधी पुसटसा आकडा. चालू होती, पण रात्रीसारखी मंद.

कारण सापडलं. फ्रेमवरच्या त्या बारक्या डोळ्यावर आईनं हळद-कुंकवाचं बोट असं दाबून लावलं होतं का वाळून खडा झाला. डोळ्याले वाटते रात्र हाय. दसऱ्यापासून भर उन्हात रात्र.

नखानं खरवडलं. लगेच तेज झाली. हसू आलं मले, खरंच.

मंग वही आठवली. भर उन्हात कोणालेच दिसलं नसतं, तं बापूले ८२ कसं दिसलं? ८४ कसं दिसलं?

हे आकडे मीच पाठ करून देले होते.

८ ऑक्टोबर, बुध.
मी नीच हाय, पण केलं. प्रोग्राममधी सेन्सर तोडून एकच आकडा बसवला, ४७. चार बोटं उंच, डोळा साफ, स्क्रीन लख्ख. दहा वाजता निघालो, मी मागं बसली. अर्ध्या रस्त्यात सहज विचारलं, "किती हाय बापू?"

खाली पायलं त्यायनं. बरोबर स्क्रीनकडंच पायलं. "त्र्याऐंशी."

आई मागं वळली नाही. थोड्या वेळानं म्हणे, "पुढं बकऱ्या हायेत बरं, केवढ्या बकऱ्या." बापूनं गाडी हळू केली. तवा मले समजलं ती दोन वर्षं काय बडबडत होती.

घरी आल्यावर तिले चुलीपाशी धरलं. शुगरनं त्यायच्या डोळ्याचा पडदा गेला म्हणे. लेझर केलं, गेलेली नजर परत येत नाही म्हून डॉक्टरनं तोंडावर सांगतलं. मले काऊन नाही सांगतलं? "त्यायनं शपथ घातली. मी हाय ना बाजूले. आजवर काही झालं का?"

आजवर काही झालं का, म्हणे. काय बोलू या बाईले. अन् बापूवर तं असा संताप हाय का... आधी मेल्या काट्यामागं लपले. मंग मी माह्या हातानं त्यायले नवीन आडोसा करून देला, चार बोटांचा.

१३ ऑक्टोबर
पाच दिवस तोंड उघडलं नाही. आज स्टार्टरच्या वायरीत एक रिले टाकला. माह्या बोर्डानं हो म्हटलं तरच गाडी सुरू होईन. दोन वायरींचं काम. भांडण नाही, बोलणं नाही. गाडी बिघडली, संपलं.

१४ ऑक्टोबर
सकाळी गाडी सुरू झाली नाही. मी खिडकीतून पाहून राह्यली. बापूनं बोनेट उघडलं, पण वाकून पायलं नाही. मान वर, अन् दोन्ही हात आत. वायरीवायरीवरून बोटं फिरवत गेले. दहा मिनिटं लागले असन. रिले काढला, जुनी वायर जोडली, गाडी सुरू.

मंग दुकानात आले. रिले काउंटरवर ठेवला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. "माह्या गाडीत मी न बसवलेली वस्तू होती."

म्हटलं, "बापू, बुधवारी स्क्रीनवर सत्तेचाळीस होतं."

त्यायच्या चेहऱ्यावर असं काही आलं का मलेच शरम वाटली. मंग म्हणे, "मंग आकडा अजून मोठा कर."

अन् निघून गेले. शटर अर्धं ओढून रडली मी.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. मी अन् बापू बोलत नाही. गाडी चालूच हाय. ते निघाले का मी दुकानात कान देऊन बसते, परत येईपर्यंत काम होत नाही. शोभाकाकूले सांगावं का? एकदा त्यायच्या दारापर्यंत गेली, दह्याचं विरजण मागून परत आली. गल्लीभर झालं तं बापू जित्तेपणी मरतीन. नाही सांगतलं, तं मागच्या सीटवर सुनीता असन.

५ नोव्हेंबर
आताच आलो.

अकरा वाजता शोभाकाकू धावत आल्या, कळा सुरू झाल्या. मी दुकानातून येईपर्यंत बापू सीटवर, इंजिन चालू, आई बाजूले, सुनीता मागं. अर्धी गल्ली गोळा.

दारापाशी जाऊन म्हटलं, "सरका बापू."

"काऊन?"

सारे पाहून राह्यले होते. म्हटलं, "स्क्रीनमधी बिघाड हाय, मलेच समजते. आज मी चालवते." साफ खोटं. बापूनं माह्या आवाजाकडं तोंड केलं. सरकले. मधी बापू, कडेले आई.

रस्ताभर सांगत राह्यले. पुलाच्या आधी डबरा, डावीकडून घे. इथं शाळा हाय, हळू. एकबी खड्डा चुकला नाही, सारा रस्ता पाठ. "किती झालं?" विचारत, मी आकडा सांगे. ८३. खरा ८३.

देवळाच्या वळणावर म्हणे, "घे सरळ, मोकळा हाय." समोर कापसानं भरलेली बैलबंडी आडवी उभी.

ब्रेक मारला. सुनीता किंचाळली. आई या वेळेस काहीच बोलली नव्हती. बापूनं समोर हात टेकवले अन् विचारलं, "काय होतं?"

"बंडी," म्हटलं. त्यानंतर आदिलाबाद येईपर्यंत ते बोलले नाही.

दोन वाजता मुलगी झाली. दोघी ठीक. शोभाकाकूनं पेढा पयले बापूच्या हातावर ठेवला. "तुमच्याच गाडीनं आली, बापू." त्यायनं तो खाल्ला नाही, खिशात ठेवला.

९ नोव्हेंबर
चार दिवस झाले, किल्ली खुंटीवर हाय. कोणी काही म्हटलं नाही. बापू रोज सकाळी गाडी पुसते, आत बसते, उतरते. आई घरात गप्प गप्प, बोलायले काही उरलं नाही असं.

आज दुकानात आले. स्टुलावर बसले. बरं वाटलं मले, खोटं कायले बोलू. इकडची तिकडची चौकशी केली. मंग, "तुह्या त्या स्क्रीनले बोलतं करता येते का? आकडा तोंडानं सांगन, असं."

विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं, "येते."

"मंग कर," म्हणे. उठले, काउंटरवरून हात फिरवत दारापर्यंत गेले. माह्यासमोर असं पयल्यांदाच चालले.

बारका स्पीकर ड्रॉवरमधीच पडला हाय. दोन दिवसांचं काम. त्र्याऐंशी म्हणायले शिकवता येईन त्याले. बंडी म्हणायले नाही. हे त्यायलेबी समजत असन, तरीबी विचारलं. का समजत नसन?

ड्रॉवर अजून उघडला नाही.