कात्रीनं तुटलेली बटणं

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ वाकत नाही, तेव्हा तो उभ्या-उभ्याच घातलाय असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला, की अजून शेजाऱ्यांना जागं ठेवतो? माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागत नाही, झोप येत नाही, बाकी काही तक्रार नाही.

हंगाम कसा चाललाय म्हणून विचारलंस. पानगळ सुरू झाली की लोकांना एकदम आठवतं की आपल्याला थंडी वाजते. मग कपाटांच्या तळातून कोट बाहेर निघतात. कुणाची चेन अडकलेली, कुणाचं अस्तर फाटलेलं, आणि कुणी स्वतःच उन्हाळ्यात एवढा सुटलेला, पण खापर कोटावर. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. टांगलेल्या कोटांमधून वाट काढत मशीनपर्यंत जाताना गर्दीत शिरल्यासारखं वाटतं, फक्त कुणी 'जरा सरका' म्हणत नाही. तसं हे दरवर्षीचंच आहे. पण दरवर्षी पुढे काउंटरवर ही असायची. आमच्याकडे बोलण्याचं खातं तिचं आणि शिवण्याचं माझं, हे तुला ठाऊकच आहे. कोणता कोट कुणाचा, कुणाची सासू दवाखान्यात, कुणाचा मुलगा परीक्षेत गटांगळ्या खातोय, सगळं तिच्या डोक्यात. मी आपला आत पडद्यामागे, तोंडात टाचण्या धरून. (तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, म्हणूनच मी हा धंदा पत्करला असं ही म्हणायची.) ती गेली भर उन्हाळ्यात, जेव्हा दुकानाकडे काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तेव्हा मला वाटलं, निभेल. आता निभत नाही.

हंगामाच्या सुरुवातीलाच मी बस ड्रायव्हरचा कोट शाळेच्या मोठ्या बाईंना दिला आणि मोठ्या बाईंचा ड्रायव्हरला. दोन्ही निळे, एवढाच माझा बचाव. बाईंच्या कोटात ड्रायव्हरनं दिवसभर बस हाकली. हात खांद्याच्या वर जात नव्हते म्हणे. (वळणांवर प्रवाशांचं काय झालं हे मी विचारलं नाही.) संध्याकाळी आला, तर तोंडातून तक्रारीचं अवाक्षर नाही. "जरा अंगाबरोबर बसलाय, एवढंच," म्हणाला. आणि बाई? त्यांचे हात बाह्यांमध्ये गडप झाले होते. त्या म्हणाल्या, "खडूची धूळ हाताला लागली नाही हो, छान सोय झाली." असं कुणी बोलतं का, ताई? मी इकडे शिव्या खायच्या तयारीनं उभा, आणि समोरून हे. पुढे दातांच्या डॉक्टरांच्या कोटाची डावी बाही मी दोनदा आखूड केली. दोन्ही वेळा डावीच. त्यांनी हात लांब करून बघितला आणि म्हणाले, "बरंच झालं, घड्याळ बघायला बाही मागे सारावी लागणार नाही." मला तर रडूच यायचं बाकी होतं. माणूस भांडला की आपल्यालाही भांडता येतं, मन जरा मोकळं होतं. चांगुलपणापुढे काय करायचं? नुसतं उभं राहायचं.

आणि तो शेजारचा किल्लीवाला! पाटीच्या जागेवरून आमचं फाटलं तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही, हे तू दर भेटीत ऐकलंयस. आमचं शटर जड आहे, एका माणसाला उचलत नाही. एक बाजू मी धरायचो, दुसरी ही. ती गेल्यावर पहिल्यांदा दुकान उघडायला गेलो आणि शटर गुडघ्यापर्यंत येऊन अडकलं. मी वाकलेलाच. तेवढ्यात दुसरी बाजू आपोआप वर गेली. बघतो तर किल्लीवाला. शटर वर टाकलं, हात झटकले आणि निघून गेला. तेव्हापासून रोज सकाळी येतो. बोलत आम्ही अजूनही नाही. तो मान तिकडे फिरवून उचलतो, मी इकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघांच्याही मानेत लचक भरलीय.

हे सगळं मला सोसेना. म्हणून, तुझ्यापासून काय लपवायचं, मी ठरवून टाकलं की हातातले कोट संपवायचे, दुकान कायमचं बंद करायचं आणि तुझ्याकडे राहायला यायचं. तू बोलावलंच होतंस. मी दारावर लिहिलं, 'नवीन कोट घेतले जाणार नाहीत'. ते लोकांनी नीट वाचलं आणि कोट आणायचे थांबले. बटणं आणू लागले. मोठ्या बाई एक बटण घेऊन आल्या. "कोट नाही हो, नुसतं बटण तुटलंय," म्हणाल्या, आणि कोट हळूच काउंटरवर ठेवला. मग डॉक्टर. मग ड्रायव्हर, त्याच्यामागून ड्रायव्हरची बायको. आणि आल्यावर कुणी जाईना. स्टुलावर बसून राहायचे, बटण लागेपर्यंत. मी पडद्यामागून बाहेर यायचो, बटण लावायचो, परत आत.

आता बटण झिजून तुटलं तर दोरा विस्कटलेला असतो, त्याला पिंजलेली टोकं येतात. ही बटणं सगळी कशी सफाईनं निघालेली. काल ड्रायव्हर परत आला तेव्हा मी कोट त्याच्या नाकासमोर धरला.

"हे कापलंय."

"तुटलं."

"कात्रीनं तुटलं?"

"मग काय दातांनी तोडू?" तो म्हणाला. मग स्टुलावर नीट बसला आणि खाली बघून बोलू लागला. "वहिनी होत्या तेव्हा बस लावून सहज येऊन बसायचो. कामाबिमाची गरज नसायची. तुम्ही पडलात मुलखाचे अबोल. तुमच्याकडे यायचं तर काहीतरी हातात घेऊनच यायला पाहिजे ना."

"पण यायचं कशाला?"

"तुम्ही आत एकटे बसता म्हणून."

मी आत गेलो आणि मशीनला तेल घातलं. मशीनला गरज नव्हती. बराच वेळ घालत होतो. मग बाहेर आलो, दुसरं स्टूल ओढलं, चहा सांगितला आणि बोलायचं म्हणून विचारलं, "बस कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे." मग दोघंही चहा संपेपर्यंत बाहेरची पानं बघत बसलो. ही असती तर तेवढ्या वेळात बसचा सगळा इतिहास बाहेर आला असता.

यामुळे माझं दुःख हलकं झालं असं मात्र समजू नकोस. ते जिथल्या तिथे आहे. संध्याकाळी घरी गेलो की दाराच्या आत पाऊल टाकताना मी अजून 'आलो गं' म्हणतो, आणि मग दिवा लावतो. पण सकाळी लोकांनी मुद्दाम कापलेली बटणं घेऊन यायचं आणि शटर बंद, हे बरं दिसणार नाही. दारावरचं लिहिलेलं आज पुसलं. तेव्हा तुझ्याकडे येणं तूर्त रहित. माझी काळजी करू नकोस, आणि एवढ्या लांब गुडघे दुखवत यायची तसदी तर मुळीच घेऊ नकोस. माझं सगळं व्यवस्थित चाललंय.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र भावोजींच्या हाती देऊ नकोस. ते मोठ्यानं वाचतात.

आणखी एक ता. क. यंदा हिच्यासाठी कोट शिवायला घेतला होता. गडद हिरवा, तिनंच निवडलेला. बाह्या लावून झाल्यात, अस्तर राहिलंय. तो पुरा करवत नाही आणि उसवायला घेतला तर हात चालत नाही. तुझी उंची तिच्याएवढीच. खांदे तुझे रुंद आहेत, पण शिवणीत कापड सोडलंय, तेवढं वाढवता येईल. मात्र अंदाजानं अस्तर घालणारा शिंपी मी नाही, आणि भावोजींनी घेतलेल्या मापांवर माझा विश्वास नाही. तेव्हा मापं पत्रानं कळवू नकोस. स्वतः ये, आणि कोट होईपर्यंत राहा. मी सावकाश शिवेन.