अकराच्या आत

ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. इथे तरी मध्येच तोडता येणार नाही.

परीक्षा संपल्यापासून तुझी भाची टिटवी घरात फक्त कपडे बदलायला येते. रोज कुणाचा तरी वाढदिवस, कुठे गाणी, नाहीतर ‘नुसतं बसणार आहोत’. कुठे बसणार, ते म्हणे अजून ठरायचंय. अकराच्या आत ये म्हटलं की बाराला येते, किल्लीने दार उघडते आणि सकाळी शपथेवर सांगते की वेळेवर आले होते, तूच घोरत होतास. हिची आई माझ्या सासूबाईंच्या आजारपणात अडकलीय. तिला कळवलं तर म्हणते, तुम्ही बापलेक बघून घ्या.

शेवटी मी माझ्या कुलूपवाल्याच्या धंद्याला जागलो. पुढच्या दाराला आतून जाड अडसर बसवला आणि किल्ली काढून घेतली. आता बेल वाजवल्याशिवाय प्रवेश नाही. आठवडाभर अकराच्या आत आली, तर मैत्रिणींबरोबर समुद्रावर दोन रात्री जायची परवानगी. एकदा जरी चुकली, तर नाही.

सुट्टीत माझीही झोप नसतेच. लोकांची पोरं भटकताना किल्ल्या हरवतात आणि कुलूपवाल्याला उठवतात. त्यांच्या दारात वाकून मी विचार करतो, यांचे आईबाप करतात तरी काय?

तू माझी बाजू घे. लोभ आहे तेवढा असू दे.
तुझा,
धाकटा

---

ता. ८ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र रात्रपाळीत वाचलं आणि एवढी हसले की एक बाळंतीण जागी झाली. इथे रोज पोरं जन्माला येतात आणि आयांना वाटतं, सुटलो, अवघड ते संपलं. मी काही बोलत नाही.

बाजू घेणार नाही. माझ्या दोन घोड्यांच्या वेळी मी सगळं करून पाहिलं. खिडकीत बसले, अबोला धरला, एकाचे बूट लपवले. तो भावाचे बूट घालून गेला. तुझा अडसर त्याच जातीचा आहे. कुलूपवाल्याची लेक आणि खिशात घराची किल्ली नाही, हे ऐकायला बरं वाटतं का?

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस, तिच्यावरची आणि माझ्यावरचीही.
तुझी,
ताई

---

ता. १२ मे

ती. ताईस,
सा. न.

हस आता पोटभर. पाच दिवस टिटवी वेळेवर आली. सहाव्या रात्री आलीच नाही.

मी घरीच होतो. साडेदहाला फक्त एक काम आलं. एक मुलगी घराबाहेर अडकली होती. मागच्या दाराने निघालो, कारण स्कूटर तिकडेच असते. कुलूप जुनं, जरा वेळ गेला. बिचारी रडवेली झाली होती. वर दिवा लागेपर्यंत मी खाली थांबलो. परत आलो तर टिटवीची खोली रिकामी. हत्यारांच्या पिशवीच्या तळातला फोन काढला, तर तिचा एक फोन येऊन गेलेला. सवलत मागायला असणार. उलट केला तर बंद. रात्रभर सगळ्यांना फोन करून उठवलं. सकाळी स्वारी मैत्रिणींबरोबर आली, त्यांच्यातल्या एकीकडे झोपली होती म्हणे. तिच्या मैत्रिणींसमोरच मी समुद्र रद्द केला. ती एवढंच म्हणाली, मी वेळेवर आले होते. डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलायला कधी शिकली, कळलं नाही.

मी थकलो ताई. लोभ कमी झाला तरी कळव.
धाकटा

---

ता. १३ मे

ती. आत्यास,
सा. न.

बाबाने तुला लिहिलं असणारच. आता माझं ऐक. मी अकराला पाच मिनिटं असताना दारात होते. बेल वाजवली, दार ठोकलं, फोन केला. वाटलं, मुद्दाम उघडत नाही. शेजारी खिडक्या उघडायला लागले, मग मी निघून गेले आणि रागाने फोन बंद केला. तेवढं माझं चुकलं.

काल वर्गातल्या एकीने सांगितलं, तुझा बाबा किती चांगला आहे, रात्री माझ्या बहिणीचं दार उघडून दिलं, वर ‘घरचे काळजीत असतील’ म्हणून समजावलंही. तेव्हा कळलं, तो घरीच नव्हता.

तू त्याला सांगू नकोस. समुद्र गेला तर गेला. पण सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालाय, तर त्याचं त्याला कळू दे.

तुझी,
टिटवी

---

ता. १६ मे

धाकट्या,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. तू स्वतः लिहिलेलं सहाव्या रात्रीचं पत्र सोबत पाठवतेय. शांतपणे वाच. तू मागच्या दाराने गेलास, तेव्हा पुढचा अडसर कुणी काढला?

ताई

---

ता. २६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनदा वाचलं.

अडसर काढला. तिच्या मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं की ती खरं बोलली होती, चूक माझी. टिटवी म्हणाली, बरं. तेवढंच. तिच्यासाठी नवी किल्ली हाताने कानस मारून बनवली. तिने लावून पाहिली आणि घट्ट आहे म्हणून परत दिली. पुन्हा घासली. समुद्रावर जाऊ दिलं, पण निघेपर्यंत आमच्यात कामापुरतंच बोलणं.

दुसऱ्या रात्री फोन वाजला. लॉजवर त्यांच्या खोलीची किल्ली कुलपात तुटली होती, पोरी बाहेर उभ्या, मॅनेजर दुसरी किल्ली घेऊन हतबल. मी म्हटलं, कुणी हात लावू नका, मी निघालो. एक बूट चढवलाही. तर म्हणते, “बाबा, येऊ नकोस. नुसतं सांग.”

मग सांगितलं. तेलाचा थेंब सोड, किल्ली जाते ती भेग सरळ उभी आण, भुवयांच्या चिमट्याने हळू ओढ, घाई करू नकोस. पलीकडे चार जणी एकदम बोलत होत्या. तिने सगळ्यांना गप्प केलं. तुकडा निघाल्याचा बारीक आवाज मला इथे ऐकू आला. “निघाला,” म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आभार नाही, काही नाही.

मी तसाच एका पायात बूट घालून बसून राहिलो, ताई.

उद्या येतेय. किती वाजता, ते विचारलं नाही. ओठांवर आलं होतं, गिळलं.

राहिलेले आशीर्वाद पाठवून दे, आणि लोभही त्यातच बांध.
तुझा,
धाकटा