दुसऱ्याची बाजू आधी मांडण्याची अट

मी, खाली सही करणारा, पाण्याचे पंप दुरुस्त करून संसार चालवणारा, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नीचा यावर आक्षेप आहे, तो नोंदवून घेतो. दबाव कोणाचाही नाही. घाई मात्र सगळ्यांना आहे, कारण माझ्या हृदयाची एक झडप गळते, डॉक्टर ती बदला म्हणतात आणि मी कित्येक महिने "पाहू" म्हणतो आहे. दुसऱ्यांच्या पंपांच्या झडपा बदलण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने असं म्हणावं, याची घरात पुरेशी थट्टा झालेली आहे.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा शस्त्रक्रियेचं काहीच ठरलेलं नव्हतं.

१. राहतं घर सामानसुमानासकट पत्नीला. त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं. घर विकून टाका असं सांगणारा कोणी हितचिंतक आला, तर तिने त्याला चहा द्यावा आणि यात तुमचा काय फायदा, एवढंच विचारावं. चहा संपायच्या आत विचारावं.

२. बँकेतली शिल्लक मुलीला आणि मुलाला निम्मी निम्मी. यावर भांडण्यासारखं काही नाही, तरी ते शोधतील.

३. दुकानातली सगळी हत्यारं आणि मोटारीला तार गुंडाळायचं यंत्र थोरलीला, म्हणजे मुलीला. ती माझ्याबरोबर दुकानात काम करते. आमच्या दुकानाची रीत तिने पुढे चालवावी: पंप खोलण्याआधी बिघाड कुठे वाटतो ते मोठ्याने सांगायचं, आणि आत काय दिसलं तर आपण चुकलो, तेही सांगायचं. कारण पंप खोलून झाल्यावर सगळेच म्हणतात, "मला वाटलंच होतं." थोरलीने मला पहिल्यांदा चुकीचं ठरवलं, तेव्हा मी जेवणापर्यंत तिच्याशी बोललो नाही. जेवणानंतर मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला ती हकिगत सांगत बसलो.

४. मधोमध कापलेला, आतलं सगळं दिसणारा पंप माझ्या गावच्या शाळेला. आमचे गुरुजी रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम लिहायचे. आम्ही पकडली नाही, तर शाळा सुटताना म्हणायचे, "आज तुम्हाला मी फसवलं. उद्या दुसरा कोणीतरी फसवेल." त्यांच्या आठवणीसाठी त्या पंपात एक भाग मी उलटा बसवला आहे. कोणता, ते शिक्षकांना सांगू नये.

५. माझा जुना फोन मेहुण्याला. प्रत्येक वाक्याची सुरुवात "खात्रीलायक सांगतो" अशी करत असल्याने त्याला सगळे 'खात्रीलायक' म्हणतात. माझ्या झडपेसाठी त्याने कसलीशी पूड आणली.

"भाऊजी, हजारो लोक बरे झालेत."

"एक दाखव."

"तुमचा कशावर विश्वासच नाही हो!"

विश्वास आहे. रोज संध्याकाळी मी देवापुढे डोळे मिटून बसतो. मागत नाही, विचारतो. उत्तर अगदी मला हवं तसं आलं, तर ते देवाचं नसून माझंच असावं असा संशय घेतो, इतकंच. मेहुणा माणूस सोन्यासारखा आहे. या फोनवर आलेला मजकूर पुढे पाठवता येत नाही, म्हणून तो त्याला.

६. दुकानाची जागा दोन्ही मुलांच्या नावे, समसमान. धाकट्याला ती भाड्याने द्यायची आहे, थोरलीला दुकान चालवायचं आहे, आणि या कारणाने दोघं एकमेकांशी आईमार्फत बोलतात. माझी अट अशी: निर्णयाआधी प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची, आणि समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं म्हणेपर्यंत मांडत राहायचं. त्यानंतरच स्वतःचं बोलायचं.

वकील म्हणाले, "ही अट कोर्टात टिकणार नाही."

म्हटलं, "घरात टिकली तरी पुष्कळ."

७. इथवर वाचून दाखवल्यावर थोरली म्हणाली, "मरायची वाट कशाला बघायची? आत्ताच करू." जेवणाची ताटं तशीच बाजूला सारली गेली.

धाकट्याने सुरुवात केली. "ताईला वाटतं, मी पैशाच्या मागे आहे."

"हा मला टोमणा झाला. माझं म्हणणं कुठाय?"

त्याने पुन्हा सुरुवात केली. "ताईला वाटतं, दुकान बंद झालं की लोक म्हणतील, बघा, बाईचं काम नव्हतंच ते."

थोरलीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "हो. हेच." आणि पुढे म्हणाली, "आणि तुला वाटतं, बाबांनंतर मी एकटी यात अडकेन, आणि तू लांब असशील."

"हो," धाकटा म्हणाला. "आणि तू मदत मागणार नाहीस."

जागेचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण बोलणं सुरू झालं. मी मिशीत हसत होतो, तेवढ्यात थोरली वळली.

"हसू नका बाबा. आता तुम्ही. आईची बाजू मांडा."

मी म्हटलं, "हिचं म्हणणं, डॉक्टर सांगतात ते खरंच असणार."

"असं कधी म्हटलं मी?" पत्नी म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरांकडे मीच नेलं ना तुम्हाला? तेही तेच म्हणाले."

"मग हिचं म्हणणं, मी घाबरलोय."

"घाबरा की. मीही घाबरलेय. हे नाही माझं म्हणणं."

मुलं ताटांकडे बघत बसली. शेवटी मी म्हणालो, "हिचं म्हणणं असं, की मी डॉक्टरांना प्रश्न विचारतो, उत्तर मिळालं की नवा प्रश्न काढतो, आणि याला विचार करणं म्हणतो. आणि जिना चढताना मी थांबलो, की ही खाली उभी राहून माझं पुढचं पाऊल ऐकते."

पत्नी म्हणाली, "हो. हेच."

नियमाप्रमाणे आता मी माझी बाजू मांडायची होती. मी स्वतःला विचारलं, डॉक्टरांनी काय सांगितलं असतं तर मी होकार दिला असता? असं एकही उत्तर मी शिल्लक ठेवलेलं नव्हतं. माझ्याकडे बाजूच नव्हती.

८. म्हणून इथे नमूद करतो की शस्त्रक्रियेला मी होकार दिला आहे. येत्या गुरुवारी दाखल व्हायचं आहे. संमतीपत्रावर सही करताना पेन रेघेवरून घसरलं. पत्नीने कागद घट्ट धरून ठेवला. हाताला हात लावला नाही.

मी परत आलो, तर वरची सर्व कलमं माझ्या डोळ्यांदेखत वाद घालण्यासाठी खुली राहतील.

सही: लिहून देणार, पंपवाला

साक्षीदार:
१. शेजारचा चष्मेवाला. (न वाचता सही करत होता. परत बसवून वाचायला लावलं.)
२. समोरची शिंपीणबाई. (दोनदा वाचलं. तिसऱ्या कलमाबद्दल शंका विचारल्या. समाधान झालेलं नाही, पण सही आमच्यासमोर झाली हे तिला मान्य आहे.)

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४